बाटलीवरचा नंबर

विचारणारी माणसं बदलतात, प्रश्न तोच असतो. कधी भाचा जेवता जेवता विचारतो, कधी शेजारचे काका, कधी रक्त द्यायला आलेला पेशंट दंडाची पट्टी सुटेपर्यंत विचारून घेतो. "मॅडम, या मशीनच्या आत काय चालतं ते तुम्हाला तरी पूर्ण कळतं का? नाही ना? मग तुम्ही न कळता आकड्यावर विश्वास ठेवायचा आणि माझ्या आईनं न कळता देवावर ठेवायचा, यात फरक तो काय?"

कामाच्या घाईत मी "निवांत बोलू" म्हणते आणि ते बोलणं राहून जातं. पण मागच्या महिन्यात एका तरुण मुलानं हेच विचारलं, आणि रात्री ओटा पुसतानाही ते डोक्यातून जाईना. तो मला कोंडीत पकडायला विचारत नव्हता. त्याच्या वडिलांना डायलिसिस सांगितलं होतं. मूत्रपिंडं किती काम करतायत ते सांगणारा क्रिएटिनिनचा आकडा आमच्या लॅबमधून गेला होता, त्याखाली सही माझी होती, आणि त्या एका आकड्यानं त्यांच्या घराची घडी बदलणार होती. अशा माणसाला अर्धंमुर्धं उत्तर देऊन चालत नाही. म्हणून बसून लिहितेय.

आधी कबूल करते. मला सगळं कळत नाही. ३१ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली, तरी नाही.

रोजची साखरेची तपासणीच घ्या. करड्या टोपीच्या फ्लोराइड बल्बमध्ये रक्त घ्यायचं, सेंट्रिफ्यूजला लावायचं, वर जो पिवळसर भाग येतो त्यातला १० मायक्रोलिटर उचलून १ मिलिलिटर रिएजंटमध्ये, म्हणजे तपासणीच्या तयार रसायनात, सोडायचा आणि ३७ अंशांवर ठरलेली मिनिटं ठेवायचा. हळूहळू गुलाबी रंग चढतो. साखर जास्त तितका रंग गडद. मशीन त्यातून ५०५ नॅनोमीटरचा प्रकाश सोडतं, किती शोषला गेला ते बघतं आणि आकडा देतं. रिएजंटमध्ये दोन एन्झाइम असतात. ग्लुकोज ऑक्सिडेज हे बहुधा एका काळ्या बुरशीपासून काढतात, आणि पेरॉक्सिडेज हॉर्सरॅडिश नावाच्या, आपल्या मुळ्याच्याच कुळातल्या विलायती वनस्पतीच्या मुळापासून. एवढं मी कुणालाही सांगू शकते. पण त्या बुरशीच्या प्रथिनाला शेकडो पदार्थांच्या गर्दीत नेमकं ग्लुकोज कसं सापडतं, हे मी पुस्तकात वाचलंय, पाहिलेलं नाही. प्रकाश ५०५चाच आहे हे फिल्टरवर लिहिलंय म्हणून मानते. डॉक्टर माझ्यावर विसंबतात, मी कंपनीवर, कंपनी आणखी कुणावर. पेशंट तर सगळ्यांत शेवटी, सुई टोचून घेऊन बसलेला. त्यामुळे प्रश्न चुकीचा आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

पण "कळतं का?" या शब्दावर मला थोडं थांबायचंय, कारण याच शब्दाबद्दल माझी समजूत एकदा साफ उलटी झाली.

मी कामाला लागले तेव्हा हिमोग्लोबिन साहलीच्या पद्धतीनं करायचो. काचेच्या नळीत आम्ल घालायचं, पिपेटनं रक्त ओढून त्यात सोडायचं, दहा मिनिटं थांबायचं. रक्ताचा चहासारखा तपकिरी रंग होतो. मग थेंब थेंब डिस्टिल्ड वॉटर घालत जायचं, शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळेपर्यंत. जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा. यातली एकही गोष्ट झाकलेली नव्हती. आत काय होतंय ते मला कळत होतं, डोळ्यांना दिसत होतं, हातात होतं. आणि तरीही एकाच बाईचं रक्त मी खिडकीजवळ बसून केलं की साडेनऊ यायचं आणि माझी सहकारी ट्यूबलाइटखाली करायची तेव्हा साडेदहा. गरोदर बाईच्या बाबतीत हा एक ग्रॅमचा फरक लहान नसतो. पुढे सेल काउंटर, म्हणजे रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन मोजणारं मशीन, आला. झाकण बंद, आत काय चालतं ते इंजिनिअरलाच माहीत. त्यात तेच रक्त तीन वेळा घाला, तीन वेळा जवळजवळ तोच आकडा.

म्हणजे जे मला पुरतं कळत होतं ते कमी भरवशाचं निघालं, आणि जे धड कळत नाही ते जास्त भरवशाचं. तेव्हापासून स्वतःच्या कळण्याला मी फार मोठा मान देत नाही. मग भरवसा येतो कुठून?

आमच्या कामात तो सकाळी साडेसातला येतो, पेशंट यायच्या आधी. पहिलं रक्त माणसाचं लावायचंच नाही. आधी कंट्रोल लावायचा. कंट्रोल म्हणजे एका छोट्या बाटलीतलं सीरम, ज्यात साखर किती, युरिया किती, क्रिएटिनिन किती हे आधी ठरवलेलं असतं. मशीन तेच सांगतं का ते बघायचं. तो आकडा तक्त्यावर ठिपक्यानं मांडायचा. मधली रेघ म्हणजे अपेक्षित आकडा, वर-खाली मर्यादेच्या रेघा. ही कल्पना मूळची कारखान्यातली. टेलिफोनचं सामान बनवणाऱ्या कंपनीसाठी वॉल्टर श्यूहार्टनं १९२४ साली असा तक्ता काढला, आणि १९५० साली लेव्ही आणि जेनिंग्ज या दोघांनी तो रक्ताच्या लॅबमध्ये आणला. आजही आम्ही त्याला त्यांच्याच नावानं ओळखतो. शिवाय वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची एक योजना आहे. त्यांच्याकडून नमुने येतात. त्यांत काय किती आहे हे आम्हाला ठाऊक नसतं. दर महिन्याला एक तपासून आकडा कळवायचा, मग देशभरातल्या लॅबच्या मानानं तुम्ही कुठे आहात ते कागदावर परत येतं. तो कागद उघडताना अजूनही माझ्या पोटात दहावीच्या निकालासारखं होतं.

आता एक गोष्ट सांगते, जी मी फार कमी जणांना सांगितलीय.

२००३च्या एप्रिलमध्ये मी एका खाजगी लॅबमध्ये होते. उन्हाळा कडक होता, दुपारी वीज जायची. साखरेच्या कंट्रोलचा अपेक्षित आकडा ९६ होता, मर्यादा ८८ ते १०४. सोमवारी आला ९७. मग ९५. मग ९३, ९२, ९१, ९०. सगळे मर्यादेत. मी रोज ठिपका मांडत होते, खाली सही करत होते आणि पेशंटचे रिपोर्ट सोडत होते. पुढच्या सोमवारी ८९ आला तेव्हा मी पहिल्यांदा एकेका ठिपक्याऐवजी सगळे ठिपके एकत्र पाहिले. सात ठिपके, जिना उतरावा तसे. शिकवताना सांगितलेलं असतं की सलग सात एकाच दिशेला गेले तर मर्यादेत असले तरी थांबायचं. मला ते तोंडपाठ होतं. तरी मी आठवडाभर नुसती सही करत राहिले.

स्टँडर्डची बाटली उचलून पाहिली. स्टँडर्ड म्हणजे साखर बरोबर १०० असलेलं द्रावण, ज्याच्याशी ताडून मशीन बाकीचे आकडे काढतं. टोपण नुसतं ठेवलेलं, आटे न फिरवता. पाणी उडून द्रावण घट्ट झालं होतं. त्या घट्ट द्रावणालाच मशीन १०० धरत होतं, म्हणून बाकी सगळ्यांचे आकडे रोज थोडे थोडे खाली येत होते. बाटली मीच शेवटची हाताळायची. म्हणजे टोपण माझंच.

रजिस्टर काढलं. आकड्यानं काही फरक पडू शकेल असे ११ जण निघाले. त्यांना फोन केले, ज्यांचा नव्हता त्यांच्याकडे माणूस पाठवला, सगळ्यांना परत बोलावून नव्या स्टँडर्डवर फुकट तपासणी केली. त्यांतल्या एका शिंपीकाम करणाऱ्या बाईंची उपाशीपोटीची साखर मी १२१ दिली होती, ती १३० आली. १२६ला मधुमेहाची रेघ आहे. त्या बाई मी दिलेल्या कागदावर "अजून नाही" असं समजून घरी गेल्या होत्या.

त्या रात्री हे सगळं आईला सांगितलं. माझी आई माळकरी. आमचं गाव बार्शी तालुक्यातलं, आणि गावच्या दिंडीबरोबर आषाढीला पायी पंढरपूर तिनं गुडघे चालले तोवर चुकवलं नाही. तिला स्टँडर्ड, कंट्रोल यातलं काही कळलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "त्या अकरा जणांना, चूक तुझी होती म्हणून सांगितलंस का?" मी म्हटलं, मशीनची चूक झाली असं सांगितलं. ती काही बोलली नाही, पोळ्या लाटत राहिली. दुसऱ्या दिवशी मी त्या शिंपीणबाईंकडे जाऊन नीट सांगून आले.

आईचं नाव निघालं म्हणून तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाबद्दल बोलते. "तुझी आकड्यावरची श्रद्धा आणि आईची विठ्ठलावरची श्रद्धा सारखीच" असं कुणी म्हणालं की माझ्यापेक्षा मला आईसाठी जास्त वाईट वाटतं. आईनं विठ्ठलावर कधी अशा अर्थानं विश्वास ठेवलाच नव्हता. १९७२च्या दुष्काळात आमची विहीर कोरडी पडली, दोन बैल विकले, आई खडी फोडायला गेली. तरीही ती आषाढीला चालत गेली. "पाऊस पाडला नाहीस" असा जाब विचारायला गेली नाही, आणि पुढच्या वर्षी पाऊस झाला तेव्हा "पाडलास" म्हणून पावती द्यायलाही नाही. ती जायची कारण ते तिचं माहेर होतं. माहेराची कुणी तपासणी करत नाही. ते चुकीचं ठरलं तर काय, असा प्रश्नच तिथे उभा राहत नाही. आणि हीच बाई ब्लड प्रेशरची गोळी सकाळी आठला घड्याळ बघून घ्यायची, आणि पाय सुजले तेव्हा "ही गोळी बाधतेय, डॉक्टरला विचार" असंही म्हणायची. डॉक्टरांनी खरंच गोळी बदलली. विठ्ठल बदलायचा तिनं कधी विचार केला नसता, आणि गोळी बदलायला तिला क्षणाचाही वेळ लागला नाही. दोन्हींची गल्लत तिनं एकदाही केली नाही. आम्ही शिकलेली माणसंच ती करतो.

माझ्या मनात या विषयाची खरी खूणगाठ मात्र हाफकिनच्या गोष्टीनं बांधली गेली. वाल्डेमार हाफकिन, ओदेसाचा, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा त्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात जागा मिळाली, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. काही महिन्यांत त्यानं लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर दोनच महिन्यांनी पुण्यात त्याच साथीत, रुग्णांची सेवा करताना, सावित्रीबाई गेल्या. ती लस लाखो लोकांना टोचली गेली.

आणि मग १९०२च्या ऑक्टोबरअखेर पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली, त्यांतले १९ धनुर्वातानं मेले.

कल्पना करा. शिकल्यासवरल्या लोकांनी "घ्या, विज्ञान आहे" म्हणून सांगितलं आणि १९ माणसं गेली. न समजता ठेवलेल्या विश्वासाचं याहून भयंकर फळ काय असणार? तुमचा प्रश्न मलकोवालच्या एखाद्या विधवेनं विचारला असता तर तिच्यापुढे कुणाला मान वर करता आली नसती.

पण तिथून पुढे जे झालं त्यात माझं उत्तर आहे. ती १९ माणसं वेगवेगळ्या बाटल्यांतून लस घेतलेली नव्हती. सगळी एकाच बाटलीतली. त्या बाटलीला नंबर होता, ५३ एन. बाकी बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झालं नव्हतं. चौकशी झाली आणि ठपका हाफकिनच्या प्रयोगशाळेवर आला, कारण त्यानं कार्बोलिक आम्लाची जुनी पद्धत सोडून उष्णतेनं निर्जंतुक करायची पद्धत घेतली होती. त्याला पदावरून दूर केलं गेलं. अनेक वर्षं त्याच्या माथी तो डाग राहिला. हा अन्याय होता आणि तो शास्त्रज्ञांनी, डॉक्टरांनी, सरकारी अधिकाऱ्यांनी मिळूनच केला, हे मला झाकायचं नाही. पण जबाब लिहून ठेवलेले होते. बाटली उघडली तेव्हा वास आला नव्हता, जंतू मुंबईपासूनच आत असते तर घाण सुटायला हवी होती, हे त्यात होतं. बूच काढायचा चिमटा त्या दिवशी जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, हेही होतं. मलेरियासाठी नोबेल मिळालेल्या रोनाल्ड रॉससारख्यांनी ते कागद पुन्हा वाचले, १९०७ साली जाहीरपणे हाफकिनची बाजू मांडली आणि त्याला परत कामावर घेतलं गेलं. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्याचं नाव दिलं.

मला हाफकिनच्या बुद्धीपेक्षा त्या ५३ एनची गोष्ट मोलाची वाटते. कुणीतरी एका कंटाळवाण्या दुपारी त्या बाटलीवर नंबर घातला होता आणि वहीत उतरवून ठेवला होता. तो नसता तर "लस वाईट", "नशीब वाईट", "पाप भोवलं" यांपैकी काहीही म्हणता आलं असतं, आणि कशाचाच छडा लागला नसता. माझा विश्वास त्या नंबरावर आहे. लसीत काय आहे ते मला कळो न कळो, काही बिघडलं तर बोट नेमकं कुठल्या बाटलीवर ठेवायचं हे कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय, आणि ते मला मागता येतं.

करोनाच्या वेळी याच बाबतीत माझी फार ओढाताण झाली. माझ्या चुलत बहिणीच्या यजमानांसाठी २०२१च्या एप्रिलमध्ये आम्ही प्लाझ्मा, म्हणजे करोनातून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला द्रव भाग, शोधत होतो. रात्री दोन वाजता अनोळखी माणसांना फोन. आणि प्लाझ्मानं मृत्यू टळत नाहीत हे आयसीएमआरच्याच, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, चाचणीत, ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर तपासून, आदल्या ऑक्टोबरमध्ये छापून आलं होतं. उपचारांच्या सूचनांतून तो काढला गेला मे २०२१मध्ये. मधले सात महिने लोक धावत राहिले. त्याचा राग माझ्या मनात आहे आणि तो राहणार. पण तो राग मला येऊ शकतो, कारण कुणीतरी ४६४ माणसांची नोंद ठेवून "हा उपाय चालत नाही" असं स्वतःच्याच आशेविरुद्ध लिहिलं होतं.

मग विज्ञानावरचा विश्वास कधीच अंधश्रद्धेसारखा नसतो का? असतो की. मी रोज बघते. सत्तर तपासण्यांचं पॅकेज नवस फेडल्यासारखं दरवर्षी करून घेणारी माणसं आहेत, कुठली तपासणी कशासाठी हे विचारतही नाहीत. "शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध" एवढे दोन शब्द डब्यावर असले की तेल, चहा, गादी काहीही खपतं. आणि पेशंटनं "हे कशावरून?" विचारलं की "तुम्हाला काय कळतंय त्यातलं" म्हणून त्याला गप्प करणारा पांढरा कोट मी पाहिलाय. त्या क्षणी तो डॉक्टर पेशंटकडून श्रद्धाच मागत असतो, आणि त्या क्षणी माझ्या भाच्याचं म्हणणं शंभर टक्के खरं असतं. ज्यांच्याकडे तक्ता आहे पण तो दाखवायची तयारी नाही, त्यांच्यावर तुम्ही विश्वास ठेवू नका, मग भिंतीवर कितीही पदव्या टांगलेल्या असोत.

खंडेनवमीला आम्ही मशीनची पूजा करतो, हेही सांगून टाकते. झेंडूचा हार, हळदीकुंकू, पेढा. मी स्वतः करते आणि मनापासून करते, ज्यावर पोट चालतं त्याला हात जोडावेत असं मला वाटतं. पूजा झाली की हार बाजूला सरकवून कंट्रोल लावते. त्या दिवशीही कंट्रोल चुकला तर रिपोर्ट सुटत नाही.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर बोलावलं. त्याच्या वडिलांचा जपून ठेवलेला नमुना त्याच्यासमोर पुन्हा लावला. क्रिएटिनिनचा नारिंगी रंग चढताना तो वाकून बघत होता. आकडा बदलला नाही. बदलेल अशी आशा त्याच्या चेहऱ्यावर होती आणि ती मला बघवत नव्हती. मग त्या महिन्याचा तक्ता त्याच्यापुढे ठेवला. कंट्रोल म्हणजे काय, रेघा कसल्या, ते सांगितलं. तो बराच वेळ ठिपक्यांवरून बोट फिरवत राहिला. वडिलांची तारीख त्यानं शोधून काढली, ठिपका मधल्या रेघेला जवळजवळ टेकलेला होता. बोट तिथे थांबलं, मग थोडं पुढे सरकलं.

"आणि हा एकच असा खाली का आलाय?"

त्या दिवशी किटचा नवा लॉट, म्हणजे रसायनाची नवी खेप, उघडला होता. पहिल्यांदा आकडा खाली आला, पुन्हा कॅलिब्रेशन केलं, म्हणजे मशीन स्टँडर्डशी जुळवून घेतलं, मग जागेवर आला, तोवर कुणाचा रिपोर्ट सोडला नाही. मी रजिस्टरचं ते पान उघडून दिलं. त्यानं लॉट नंबर मोठ्यानं वाचला, खिशातून मोबाइल काढला आणि विचारलं, "याचा फोटो घेऊ का?"

मी म्हटलं, घे.